बांडगूळ की अमरवेल

रुख्मिणीबाई चहा ओतायच्या तो हातभर वरून. चुलीवरचा चहाचा गंज, ते उभं पातेलं, पदरात धरून त्या मागच्या परसात यायच्या, जळणाच्या पऱ्हाट्यांच्या खोलीच्या दाराशी थांबायच्या आणि दगडावर ठेवलेल्या कपात नेमकी धार सोडायच्या. गंजाचा काठ कपाला लागायचा नाही, एक थेंब बाहेर उडायचा नाही. मग त्या मागे सरत आणि म्हणत, "घे वं, निवते." त्यानंतरच मनकर्णा बाहेर येऊन कप उचलायची.

त्या सकाळीही तसंच झालं. नागपूरच्या इतवारीतल्या दोर-सुतळीच्या दुकानामागचं हे कवेलूचं, कौलारू घर. दुकान गणपतराव आणि रुपराव या दोघा भावांचं. रुख्मिणीबाई थोरल्याची बायको, मनकर्णा धाकट्याची. दिवाळी नुकतीच सरली होती, सकाळी अंगावर काटा यायचा. चहा देऊन रुख्मिणीबाई ओसरीवर परतल्या आणि अर्धी राहिलेली कुसुमची वेणी त्यांनी पुन्हा हातात घेतली. कुसुम मनकर्णाची लेक, आठ वर्षांची. मनकर्णा खोलीच्या दारातून बघत होती. मधे सगळं परस होतं.

"बाई, भांग वाकडा गेला तिचा."

"पोरगीच वाकडी बसते तं भांग सरळ कसा जाईन?"

"माय, मोठीमाय केस ओढून राहिली!"

"ओढू दे. डोक्यात काही हाये का नाही, ते तरी समजंन."

तिघीही हसल्या. हसता हसता मनकर्णाला खोकला आला, तशी तोंडावर पदर धरून ती आत वळली. दाराशी बांधलेल्या शेळीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा पाला चघळायला सुरुवात केली. ही शेळी खोलीच्या दाराशी बांधण्यामागे कारण होतं. शेळीच्या वाऱ्याने क्षयाचं माणूस सुधरतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. मनकर्णा सुधरली नाही. शेळी मात्र चांगली सुधरली.

तेवढ्यात समोरच्या दाराची कडी वाजली.

या घराची कडी सहसा वाजत नसे. ओळखीचा माणूस रस्त्यावरूनच "आहे का गा कोणी?" म्हणून आवाज द्यायचा आणि उत्तराची वाट न पाहता आत यायचा. कडी वाजवणारा म्हणजे परका. लढाई संपून वर्ष झालं होतं, तरी कडी वाजली की लोकांना रेशनचा माणूसच आठवायचा. रुख्मिणीबाईंनी वेणी तशीच सोडली, साखरेचा डबा उतरंडीमागे सारला आणि मग दार उघडलं.

दारात डॉक्टरीणबाई उभ्या होत्या. बायकांच्या दवाखान्यातल्या यमुताई. पायात चपला, केसांचा घट्ट अंबाडा, काखेत एक मोठं चपटं पाकीट.

"मनकर्णाबाईंच्या छातीचा फोटो आलाय," त्या म्हणाल्या. "घरातली मोठी माणसं बोलवा. आणि हो, मनकर्णाबाईंनाही इथे ओसरीवर बोलवा. परसातून ओरडून सांगण्यासारखं नाही हे."

"ती ओसरीवर येत नाही," रुख्मिणीबाई म्हणाल्या.

"आज येतील," यमुताई म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या.

मनकर्णा मूळची सावनेरकडची. तिच्या वडिलांची, नत्थूजींची, संत्र्याची बाग होती. मुलगा नव्हता म्हणून त्यांनी या लेकीलाच कोयता हातात देऊन झाडांमधून हिंडवलं होतं. कोणतं तण हाताने उपटायचं, कोणतं खणून काढायचं, कशाला हातसुद्धा लावायचा नाही, हे ती पाटीवर अक्षरं गिरवण्याआधी शिकली. लग्न होऊन इतवारीत आली तेव्हा सगळ्यात जास्त काय खटकलं, तर इथे उपटायला काही उगवतच नव्हतं. मग तिने परसात भेंडी लावली, वाल लावला, न्हाणीच्या पाण्यावर अळू लावलं. जावेला म्हणायची, "बाई, माती रिकामी ठिवू नाही, तिले वाईट सवयी लागतात."

कुसुम पावलं टाकायला लागली आणि त्याच हिवाळ्यात खोकला सुरू झाला. संक्रांतीच्या सकाळी, सुगडं भरता भरता, तिच्या थुंकीत रक्ताचा धागा आला. तो रुख्मिणीबाईंनी पाहिला.

रुख्मिणीबाईंची धाकटी बहीण क्षयाने गेली होती. तिची सेवा करता करता आई गेली. बहिणीच्या भांड्यातलं पाणी आई पीत असे, ते रुख्मिणीबाईंनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी कुसुमला उचलून कडेवर घेतलं आणि म्हणाल्या, "आजपासून हे माह्यापाशी झोपंन." त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. मनकर्णाने लेकीकडे हात पुढे केला होता, तो तिने स्वतःच मागे घेतला. त्या दिवसापासून मागची पऱ्हाट्यांची खोली तिची झाली. जर्मनची, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची, थाळी वेगळी, कप वेगळा, अंघोळीची बादली वेगळी. कोणी दुष्टपणा केला असं नाही. रुपराव रोज दुकान लावून परसात यायचा, लांब बसून बाजाराच्या गोष्टी सांगायचा. माळकरी घरात अंडं कधी आलं नव्हतं, पण वैद्याने सांगितलं म्हणून रुख्मिणीबाई स्वतः पदराआड अंडी आणायच्या, वर तोंड करून "देवा, तू पाहू नको" म्हणायच्या आणि टरफलं अळूखाली पुरायच्या. अळू काय माजलं होतं त्या वर्षी!

पण क्षयाचं माणूस वाळतं. मनकर्णा वाळेना. अशी चांगली सहा वर्षं गेली. गल्लीतल्या बाया टोमणे मारायच्या, "क्षय हाये का सासुरवासातून सुट्टी हाये वं?" रक्त यायचं, थांबायचं, महिनोन्‌महिने यायचं नाही, पुन्हा यायचं. आणि एक शीळ होती. रात्री उजव्या कुशीवर वळलं की छातीत उजवीकडे, एकाच जागी, बारीक शीळ वाजायची. ती सांगायची, पण क्षयात छाती वाजतेच, असं प्रत्येकाने सांगितलं होतं.

उन्हाळ्यात मनकर्णा रात्री परसात भिंतीलगत झोपायची, तेव्हा एका रात्री शेजारच्या घरी बाळंतपणाला यमुताई आल्या होत्या. काम आटोपून भिंतीपलीकडच्या विहिरीवर हात धूत असताना त्यांनी विचारलं होतं, "पलीकडे शीळ कोण घालतंय?" शेजारीण म्हणाली होती, "शीळ नाही जी, क्षयाची बाई हाये." यमुताई हात तसेच ओले ठेवून या घरात आल्या. तेव्हापासून त्यांनी मनकर्णाची थुंकी किती वेळा तपासायला नेली याची गणती नव्हती. आणि मागच्या महिन्यात फोटो काढवला होता.

तर आता सगळे ओसरीवर जमले होते. मनकर्णा सगळ्यात टोकाला, खांबाला टेकून, तोंडावर पदर. कुसुम मोठीमायच्या मांडीवर, एक वेणी घातलेली, एक सुटी. गणपतराव दुकान सोडून येत नसत, पण दाराच्या चौकटीत उभे होते. रुपरावच्या कानावर विडी होती.

यमुताईंनी एकच वाक्य आधी सांगितलं. "क्षय नाही."

मग पाकीट बाजूला ठेवून त्या पुढे बोलू लागल्या.

"इतक्या वेळा तपासलं, जंतू एकदाही सापडला नाही. क्षय बहुतेक फुप्फुसाच्या शेंड्याकडून धरतो, हे खाली आहे. हे बघा." कोपऱ्यात नत्थूजींनी पाठवलेली संत्र्यांची टोपली होती. त्यातलं एक संत्रं त्यांनी सोलून हातात धरलं. "फुप्फुसाच्याही अशाच फोडी असतात. उजवीकडे तीन, डावीकडे दोन. यांची उजवीकडची खालची फोड मिटून गेली आहे. तिच्यात हवाच जात नाही. का जात नाही? फुंकणी द्या जरा."

रुख्मिणीबाईंनी चुलीजवळची फुंकणी दिली. यमुताईंनी उखळाजवळचा एक चिंचोका उचलून फुंकणीच्या तोंडात अडकवला आणि दुसऱ्या टोकाने फुंकलं. बारीक शीळ वाजली.

मनकर्णाचा पदर तोंडावरून खाली आला. "हेच! बाई, हेच वाजते माह्या आंगात!"

"वाट अडली की वाजते," यमुताई म्हणाल्या. "आत काहीतरी बसलंय. मला वाटतं, गाठ आहे. कर्करोगाच्या कुळातली."

आता मात्र रुख्मिणीबाई उठून उभ्याच राहिल्या. "गल्लीतल्या कासाराच्या गालाले झालता, तो?"

"त्याच कुळातला. जागा वेगळी."

"अवं माय! मग क्षयच बरा होता की!" असं म्हणून त्यांनी डोळ्याला पदर लावला. गणपतराव भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. रुपराव खालीच बसला. मोठी माणसं रडताना पाहून कुसुमनेही भोकाड पसरलं.

मनकर्णाने त्या गलक्यात विचारलं, "डॉक्टरीणबाई, ते गाठ लागते का? एकाचं दुसऱ्याले?"

"नाही. क्षयासारखी नाही, देवीसारखी नाही. ज्याची त्याला."

"म्हंजे इतके साल मी माह्या पोरीजवळ गेली असती, तं तिले काही झालं नसतं?"

"नसतं."

आणि मनकर्णा हसली. चांगली मोठ्याने हसली. कर्करोग ऐकून कोणी असं हसलेलं यमुताईंनी पाहिलं नसावं, कारण त्यांनी हातातलं संत्रं खाली ठेवलं. मनकर्णा उठून कुसुमकडे निघाली, तसा रुख्मिणीबाईंनी मुलीला उचलून कडेवर घेतलं. अगदी संक्रांतीच्या त्या दिवशीसारखं.

"थांब वं. डॉक्टरीणबाई 'वाटते' म्हनून राहिली. वाटल्यावर कसं जाईन? पक्कं होऊ दे."

मनकर्णा जागच्या जागी थांबली. दोन्ही हात पदरात गुंडाळून म्हणाली, "बरं. इतकी थांबली, अजून थांबीन." जावेच्या डोळ्यांत तिला राग दिसला नाही, क्षयाने गेलेली बहीण दिसली.

"पक्कं मुंबईला होईल," यमुताई म्हणाल्या. "तिथे घशातून नळी घालून आत पाहतात, गाठीचा तुकडा काढतात आणि त्याची जात ओळखतात. सगळं जातीवर आहे. फुप्फुसाच्या गाठी म्हणजे काही एकच रोग नव्हे."

"जात म्हंजे?" मनकर्णाने विचारलं.

यमुताईंनी इकडेतिकडे पाहिलं. सुपात निवडायला घेतलेले राळे होते. त्यांनी मूठभर जमिनीवर टाकले, ते उधळत पार रुपरावच्या पायापर्यंत गेले. "एक जात अशी. सूक्ष्मदर्शकाखाली दाण्यांसारखी दिसते, बारीक बारीक. हिचा खोकला महिन्या-दोन महिन्यांचा, आणि तेवढ्यात ही यकृतापर्यंत पोचलेली असते. हिला चाकूने पकडता येत नाही."

"कुंद्याचं गवत," मनकर्णा म्हणाली. "वरतं पान दिसते, तोवर खाली सगळं वावर गेलं असते."

"असेल. दुसरी मोठ्या नळीत वाढते, तुमच्या घरावरच्या कवेलूंसारखी, पातळ थर एकावर एक. पुरुषांत जास्त. काही डॉक्टर म्हणतात विडी-सिगरेट ओढणाऱ्यांत जास्त, काहींना ते पटत नाही."

रुपरावने कानावरची विडी हळूच काढून खिशात टाकली.

"खिशातून धूर निघत नाही का गा?" रुख्मिणीबाई रडता रडता म्हणाल्या.

"तिसरी," यमुताई हसू दाबत म्हणाल्या, "फुप्फुसाच्या कडेला, आत लपून. तिच्या पेशी अशा गोल गोल बसतात, बांगड्यांसारख्या. ही गुपचूप वाढते, बायकांनाही होते. या दोन्ही वेळेत सापडल्या आणि जागा बरी असली, तर विलायतेत फुप्फुस कापून काढतात. आपल्याकडे अजून फार कुणी करत नाही."

"अन् माही?"

"पाहिल्याशिवाय सांगणार नाही. पण आणखी एक जात आहे. नळीच्या फांदीवर देठ धरून बसते, वर्षानुवर्षं हळूहळू वाढते, रक्त टाकते, वाट अडवते. तरण्या बायकांत जास्त दिसते. माणूस तिच्याबरोबर वर्षं काढतं. आणि ती नळीतूनच काढता येते. तुमची सहा वर्षं, तुमची शीळ, तुमचं हे न वाळणं..." त्या थांबल्या. "मला आशा आहे. एवढंच म्हणते."

मनकर्णाने वाकून राळ्यांतला एक दाणा बोटावर उचलून घेतला. मग म्हणाली, "आमच्या बागेत अमरवेल येते. पिवळा दोरा. तोडला का जितके तुकडे, तितक्या वेली. ते लागली का बाबा झाड सोडून देत. अन् बांडगूळ येते. ते एका फांदीवर बसते, तिचंच पिऊन हिरवंगार होते, अन् झाडाले वाटते आपलंच पान हाये. ते फांदीच्या गाठीसकट काढलं का झाड वाचते. म्हंजे एवढंच पाहाचं हाये ना, बांडगूळ हाये का अमरवेल?"

"हो," यमुताई म्हणाल्या. "एवढंच."

मुंबईच्या गाडीत रुपराव आणि मनकर्णा समोरासमोर बसले. सहा वर्षांत इतक्या जवळ बसण्याची ही पहिलीच वेळ. रुपराव वर्ध्यापर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. पुलगाव आलं तेव्हा त्याने डब्यातली चटणी-पोळी काढली, दोन भाग केले आणि तिच्या हातावर ठेवताना बोटं मागे घेतली नाहीत. मनकर्णाने ती पोळी बडनेरा येईपर्यंत खाल्ली नाही. नुसती धरून बसली.

मुंबईच्या त्या मोठ्या दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात तिच्या शेजारच्या खाटेवर अलिबागेकडच्या सगुणाबाई होत्या. वय पन्नाशीचं, बोलणं तिखट. दिवाळीआधी खोकला लागला होता आणि आता डोळे हळदीसारखे पिवळे होते.

"तुला किती वर्षं गो?" त्यांनी विचारलं.

"सहा."

"सहा वर्षं खोकतेस आणि गाल बघ कसे! मला धड दोन महिने नाही झाले. एकच वॉर्ड, एकच डॉक्टर, आणि तू अशी नि मी अशी. हा काय न्याय?"

मनकर्णाला जमिनीवर उधळलेले राळे आठवले. तिने घरून आणलेल्या टोपलीतलं संत्रं सोलून, फोडीची साल काढून, सगुणाबाईंना भरवलं. सगुणाबाई म्हणाल्या, "आंबट आहे." आणि पुढच्या फोडीसाठी तोंड उघडलं.

नळीचा दिवस आला. घशात कडू औषध फवारून घसा बधिर केला, मान टेबलाच्या कडेवरून मागे लोंबती ठेवली. डॉक्टरांच्या हातातली ती चकचकीत नळी पाहून मनकर्णाला हसूच आलं, कारण ती थेट फुंकणी होती. आपल्यालाच कोणी चूल समजून फुंकायला निघालंय, असं तिला वाटलं. मग हसण्याजोगं काही उरलं नाही. श्वास अडला, डोळ्यांपुढे काळोखी आली, तोंडात रक्ताची खारट चव पसरली, दोन नर्सांनी खांदे दाबून धरले. तिने मनातल्या मनात बागेतली झाडं मोजायला घेतली, बांधापासून विहिरीपर्यंत, आणि विहीर यायच्या आत नळी बाहेर आली.

तुकडा तपासायला गेला. नंतरचे दिवस रुपरावने दवाखान्याच्या जिन्यावर काढले. विडी ओढली नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून मनकर्णाला तो दिसायचा, जिन्याच्या कठड्याला सुतळीच्या गाठी मारत आणि सोडत बसलेला.

मग एका दुपारी तो धावत वॉर्डात आला. पुरुषांनी यायची वेळ नव्हती. नर्स "ओ भाऊ, ओ भाऊ" करत मागे. लग्नाला चौदा वर्षं झाली होती, आजवर तो बायकोला "कुसुमची माय" किंवा नुसतं "ऐकलं का" म्हणायचा. खाटेशी येऊन, सगळ्या वॉर्डासमोर, तो ओरडला, "मनकर्णे! बांडगूळच हाये!"

"डॉक्टर 'बांडगूळ' म्हनले?"

"नाही. ते काहीतरी इंग्रजी म्हनले. मी म्हनलं, साहेब, ते देठ धरून बसते, हळू वाढते, तेच ना? ते म्हनले, तेच. मी म्हनलं, काढता येते? ते म्हनले, येते. मी म्हनलं, मग ते बांडगूळच!"

सगुणाबाईंनी उशीवरून मान वळवली. "जिंकलीस गो," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात हेवा नव्हता असं नाही. पण हात पुढे आला तो खरा होता. मनकर्णाने तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

गाठ एकदम निघाली नाही. रक्त फार जाईल म्हणून डॉक्टरांनी ती तीन खेपांत काढली, थोडी थोडी, आणि शेवटी तापल्या तारेने देठाची जागा डागली. तिसऱ्या खेपेनंतरच्या रात्री मनकर्णा सवयीने उजव्या कुशीवर वळली आणि शिळेची वाट पाहू लागली. शीळ वाजली नाही. तिने श्वास घेतला. तो नेहमी जिथे थांबायचा तिथे थांबला नाही, पुढे गेला, खाली उतरला, वर्षानुवर्षं बंद पडलेल्या खोलीचं दार उघडून कोणी झाडू मारावा तसा आत आत शिरला. तिला खोकला आला आणि त्या खोकल्यात रक्त नव्हतं. ती परत परत श्वास घेत राहिली, नव्या पाटल्या घातलेली बाई उगीच हात हलवते तशी.

सकाळी शेजारची खाट रिकामी होती. सगुणाबाईंना त्यांच्या मुलाने गावी नेलं होतं. जाताना त्यांनी निरोप ठेवला होता, नर्सने तो सांगितला, "नागपूरवालीला सांग, संत्री गोड होती."

घरी पोचले तेव्हा दिवेलागणी झाली होती. यमुताई आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी मनकर्णाच्या पाठीला कान लावला, तपासायची नळी लावली, बोटांनी ठोकून पाहिलं, पुन्हा ऐकलं. मग फुंकणी तिच्या हातात दिली.

"फुंका."

मनकर्णाने चुलीकडे तोंड करून फुंकणी ओठाला लावली आणि सगळं बळ एकवटून फुंकलं. चुलीत विस्तव कमी आणि राख जास्त होती. ती सगळी राख उडून पलीकडे उकिडवं बसलेल्या रुख्मिणीबाईंच्या तोंडावर गेली. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या.

"बाप्पा! मारतं का वं मले!"

कुसुम हसून हसून जमिनीवर लोळली. गणपतराव, जे कधी हसत नसत, तेही दारातून हसले. यमुताईंनी मात्र गंभीर व्हायचा प्रयत्न केला. "रोज धुरात बसायचं नाही. आणि ऐका, देठाचा धागा कुठे राहिला असेल तर पुन्हा फुटू शकतो. दर वर्षी छाती दाखवायची. रक्ताचा ठिपका दिसला तरी त्याच दिवशी माझ्याकडे."

"बागेत बी दर साली फांद्या पाहाच लागते," मनकर्णा म्हणाली. "त्याले कोणी दुखणं म्हनत नाही."

पुढे त्या गल्लीत कुणाला खोकला लागला की बाया मनकर्णाला विचारायला येऊ लागल्या. ती औषध कधी सांगायची नाही. फक्त विचारायची, किती दिवसांचा, शीळ एका जागी वाजते का सगळीकडे, माणूस वाळलं का? आणि मग हाताला धरून यमुताईंकडे न्यायची. ज्यांना क्षयच निघाला त्यांनाही तिने भिऊ दिलं नाही. म्हणायची, "आधी नाव तं समजू दे. नाव समजल्याबिगर भ्याचं नाही अन् रडाचंही नाही."

पण ते नंतरचं. त्या रात्री ती ओसरीवर झोपली. कुसुम दोघींच्या मधे झोपली, पाय आईच्या अंगावर आणि डोकं मोठीमायच्या दंडावर. रुख्मिणीबाई जाग्याच होत्या. मनकर्णाला ते कळत होतं, कारण त्यांच्या बांगड्या मधूनमधून वाजत होत्या.

सकाळ झाली. सडा पडला. रुख्मिणीबाईंनी चहा केला. मनकर्णा ओसरीवर पाय दुमडून बसली होती, कुसुम तिला टेकून. रुख्मिणीबाई गंज पदरात धरून आल्या. मनकर्णाचा तो जुना कप कोणीतरी परसातून आणून तिच्यापुढे जमिनीवर ठेवला होता. रुख्मिणीबाई थांबल्या, आणि त्यांचा हात आपोआप वर गेला, हातभर वर, धार सोडायला.

तो हात मधेच थांबला. त्यांना स्वतःलाच दिसलं ते.

"बाई," मनकर्णा म्हणाली, "एक मागू का?"

रुख्मिणीबाईंची नजर कुसुमकडे गेली, तिच्या सुट्या केसांकडे, ओसरीच्या कोपऱ्यातल्या फणीकडे. काय मागणार ते त्यांना माहीत होतं, मुंबईची गाडी सुटली तेव्हापासून माहीत होतं, आणि नाही म्हणायचा हक्क आपल्याला नाही हेही माहीत होतं. डोळे भरून आले तरी आवाज त्यांनी सरळ ठेवला.

"माग वं. आज तं काहीही माग. तुहंच हाये."

मनकर्णाने जमिनीवरचा कप उचलला आणि जावेच्या पुढे धरला.

"चहा वरतून नका ओतू. इथं माह्याजवळ बसा, कप भरा, अन् तुमच्या हातानं माह्या हातात द्या."